पांढरं त्याचं

पांढरं मला बंद आहे.
टेक्सासात पांढरं आतल्यांचं: सदरा, विजार, सगळं.
म्हणजे लग्नात पांढऱ्यात नवरा,
आणि मी हिरव्यात,
गुडघ्याखाली, पूर्ण बाह्यांची,
आत बिनतारेची ब्रा, कारण तारेनं यंत्र वाजतं
आणि यंत्र वाजलं की नवरी परत फिरते
दोनशे दहा मैल.

हे फोनवर सांगितलं तर ऑरन इतका हसला
की एकच मिनिट उरलंय असं सांगणारी ती बाई
आम्हाला ऐकूच आली नाही.
हसता हसता फोन तुटला.
त्या हसण्याचे पैसे मीच भरले.

आमच्या गावात लग्न ठरलं की
आधी चर्चचा हॉल धरतात,
मग ब्रिस्केट कोण भाजणार यावरून भांडतात.
मी आधी नोटरी शोधली.
बँकेतली म्हणाली, सही करणारा समोर हवा.
म्हटलं, तो समोर असता
तर तुमच्या दारात कशाला आले असते?

मावशी वर्डेल दोन महिने अबोला धरून होती.
मग एका रविवारी, बटाटे सोलताना, माझ्याकडे न बघता:
केकचं काय?
केक यंत्रातला, मावशी.
भेटीच्या खोलीत नाणी टाकायचं यंत्र आहे,
त्यात पाकिटातला गोड बन मिळतो.
नोटा चालत नाहीत. नाणी पारदर्शक पिशवीत न्यायची,
जास्तीत जास्त वीस डॉलर.
तिनं एक बटाटा सोलून सोलून बोराएवढा केला.

ऑरनला मी धुतल्या तांदळासारखा म्हणत नाही.
त्यानं केलं ते केलं.
पेट्रोल पंपावरचा तो पोरगा, डॅरेल, अजून लंगडतो.
त्याची आई माझ्याच दुकानात दूध घेते
आणि माझ्या गल्ल्याच्या रांगेत कधी उभी राहत नाही,
शेजारची रांग दारापर्यंत गेली तरी.

अर्जात एक रकाना आहे: विवाहाचे कारण.
दोन ओळी. वर आखलेल्या, खाली आखलेल्या.
प्रेम असं लिहिलं, ते खोडरबरानं पुसलं;
खोटं होतं म्हणून नाही,
तिथं ते कुणाच्या तरी उत्तराची नक्कल वाटत होतं.
शेवटी लिहिलं:
मागच्या पायरीची फळी बसवली का,
असं तो दर पत्रात विचारतो.
बसवलेली नाही.
बसवली तर काय विचारेल, म्हणून.
हे दुसरं वाक्य अर्जात नाही.

अठरा मार्चची तारीख मिळाली होती.
पहाटे तीनला निघालो, मी आणि मावशी,
ड्रेस मागच्या सीटवर आडवा, सीटबेल्ट लावून.
फाटकावरचा मुलगा पोरसवदा होता,
म्हणाला, आत सगळं बंद आहे, मॅडम,
कधी उघडेल सांगता येत नाही.
पाद्रीसाहेबही परत गेले.
गाडीतच सँडविच खाल्ले.
मावशी म्हणाली, अंगठी तरी दाखव.
बिनखड्याची, नियमाप्रमाणे.
तिनं ती स्वतःच्या बोटात घालून बघितली,
अडकली,
आणि तेल मिळेपर्यंत, चाळीस मैल,
ऑरनची अंगठी मावशीच्या बोटात होती.
तेव्हा मात्र आम्ही दोघी हसलो.

काल दुकानात दुसरा गल्ला बंद होता.
डॅरेलची आई माझ्या रांगेत आली.
दूध, पाव, त्याची मलमाची ट्यूब.
म्हणाली, मिळाली का तारीख?
गावाला काय कळत नाही.
म्हटलं, अजून नाही.
तिनं पैसे दिले, सगळी नाणी, एकेक मोजून,
अकरा डॉलर पंचवीस सेंट.
ती गेल्यावर मी माझ्या नोटा गल्ल्यात टाकल्या
आणि तिची नाणी त्या पिशवीत.
मग पुन्हा बाहेर काढली.
सकाळपासून ती तशीच आहेत,
स्वयंपाकघरातल्या टेबलावर,
पिशवीच्या शेजारी.